सिफनोसला जेवायचं कुठे? आधी वार विचारा

आमच्या भिशीतल्या सहा जणींचं येत्या ऑगस्टअखेरीस ग्रीसला, सिफनोस बेटावर जायचं घाटतंय. मी २०२५ मध्ये जाऊन आले, म्हणून रोज एकीचा फोन. "अगं, तिथे खायचं काय? उपाशी तर राहणार नाही ना?" सगळ्यांना तेच ते सांगून घसा बसला, म्हणून आता लिहूनच काढते. आणखी कुणाच्या उपयोगी पडलं तर चांगलंच.

माझी ओळख एवढीच, की नाशिकच्या कॉलेज रोडला मी २२ वर्षं डबे आणि मेस चालवली. त्यामुळे कुठल्याही हॉटेलात शिरले की मेनूकार्ड राहतं बाजूला, आतून फोडणीचा वास ताजा येतोय की कालच्या तेलाचा, हे नाक आधी बघतं. आमचे हे पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. लेक-जावई रॉटरडॅमला असतात, ते सगळं खातात. लेकीला मातीच्या भांड्यांचं वेड, म्हणून तिने सँटोरिनी सोडून हे बेट निवडलं. सिफनोस. ७४ चौरस किलोमीटरचं बेट, वस्ती पावणेतीन हजारांच्या आसपास. आमच्या पंचवटीतल्या दोन-चार गल्ल्यांत याहून जास्त माणसं निघतील. विमानतळ नाही. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून बोट धरायची, वेगवान बोट अडीच-तीन तासांत पोचवते, मोठी संथ बोट पाच तासांच्या पुढे घेते. संथ बोटीत डेकवर बसायला मिळतं आणि पोटात ढवळत कमी.

आधी वार

नाशिकला नवखा माणूस आला आणि "चांगलं कुठे खाऊ?" म्हणाला, तर आपण काय विचारतो? कधी आलायस? रविवारी सकाळी असशील तर मिसळ, संध्याकाळी असशील तर दुसरं काही. बेटावर हेच दुप्पट खरं. कुठली खानावळ चांगली, हा प्रश्न तिथे दुसरा. कुठल्या दिवशी, किती वाजता, हा पहिला. आम्ही पहिल्यांदा हे उलटं केलं आणि पैसे घालवले, तेही पुढे सांगते.

आमचा गणपती दीड दिवसाचा. ऋषिपंचमीला विसर्जन करून रात्रीच मुंबई गाठली, गौरी जाऊबाईंकडे असतात म्हणून तेवढी मोकळीक. शनिवारी, ३० ऑगस्टला, दुपारी सिफनोसच्या कामारेस बंदरात उतरलो. तिथून बसने वर डोंगरात, अपोलोनिया आणि त्याला लागून आर्तेमोनास, अशी पांढरी गावं एकमेकांना चिकटून आहेत. राहायचं तर इथेच राहा. बेटावरच्या सगळ्या बस अपोलोनियाहून सुटतात, म्हणजे दुपारी कुठल्याही किनाऱ्यावर जाऊन जेवता येतं आणि रात्री पायी घरी. समुद्रकाठी खोली घेतली की रोज त्याच दोन खानावळींत जेवण होतं.

त्या संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो तर लाकडाच्या धुराचा वास आला. एक आजी काळ्या कपड्यांत, हातात फडक्यात गुंडाळलेलं मडकं, झाकण घट्ट. गावातल्या भट्टीवर निघालेल्या. लेकीने चौकशी केली तेव्हा कळलं, ते काबुली चणे. रेविथादा म्हणतात. आदल्या दिवशी भिजवायचे, शनिवारी संध्याकाळी कांदा, ऑलिव्हचं तेल, तमालपत्र, मीठ आणि पाणी घालून झाकणाच्या मडक्यात भरायचे, आणि भट्टीच्या उतरत्या आचेवर रात्रभर सोडून द्यायचे. रविवारी चर्च सुटलं की मडकं घरी न्यायचं, वरून लिंबू पिळायचं, जेवायला बसायचं. या मडक्याचं नावच स्केपास्तारिया, म्हणजे झाकणवालं. बेटावरची माती चांगली आणि कुंभारकी जुनी. इतकी, की घरांच्या धुराड्यांवरही मडकीच बसवलेली दिसतात.

खरं सांगते, यादी ऐकून मी नाक मुरडलं. ना आलं, ना लसूण, ना काळा मसाला. आम्ही नाशिकवाले, रश्श्यावर तर्री दिसली नाही तर आजारी माणसाचं जेवण समजतो. रविवारी दुपारी खानावळीत ते ताट समोर आलं, फिकट पिवळसर, वर तेलाचा चकाकता थर. मी पर्समधून काळ्या मसाल्याची पुडी काढली आणि यांच्या ताटात चिमूटभर टाकली, माझ्या ताटात टाकायच्या आधी एक घास घेतला. चण्याचं साल अख्खं आणि आतला गर लोण्यासारखा. कांदा दिसतच नाही, तो सगळा रसात विरघळून गेलेला, त्याचाच गोडवा. पुडी परत पर्समध्ये ठेवली. यांना मात्र पूर्ण ताट मसाल्याचं खावं लागलं, आणि ते अजून मला त्यावरून बोलतात.

तर नियम असा, की बेटावर तुमच्या वाट्याला एक तरी रविवार येईल अशी तिकिटं काढा. बऱ्याच खानावळी रेविथादा फक्त रविवारी करतात, आणि मडकं संपलं की संपलं. दीड वाजेपर्यंत पोचा. मंगळवारी कुणी "आहे ना, देतो" म्हणालं तर ते गरम करून दिलेलं असण्याचीच शक्यता जास्त.

दुपारी रांधलेलं, रात्री भाजलेलं

तिकडे खानावळीला टॅव्हर्ना म्हणतात. मेनूत दोन जातीचे पदार्थ असतात, आणि ही जात ओळखता आली की निम्मं काम झालं. एक, मागिरेफ्ता. म्हणजे सकाळी रांधून मोठमोठ्या परातींत ठेवलेलं, वांगी, घेवडा, भरलेले टोमॅटो. दुसरं, तिस ओरास, म्हणजे मागितल्यावर तव्यावर किंवा निखाऱ्यावर करून दिलेलं.

माझ्या मेसमध्ये वांग्याची भाजी साडेअकराला उतरायची आणि दीडला ती सगळ्यात छान लागायची. रात्री तीच भाजी मी मुलांना वाढायचे तेव्हा मनातून लाज वाटायची. तेच इथे. मागिरेफ्ता दुपारी खा, दोन ते साडेतीन ही त्यांची जेवायची वेळ. रात्री निखाऱ्यावरचं, तळणीचं, कोशिंबिरी असं हलकं मागवा. आणि रात्रीचं जेवण नऊच्या पुढे. आम्ही पहिल्या रात्री नाशिकच्या सवयीने साडेसातला जाऊन बसलो, तर अख्ख्या अंगणात आम्ही चौघं आणि एक मांजर. निखारे पेटायचे होते.

मेनूकार्ड वाचत बसू नका. उठून आत जा आणि "आज काय केलंय?" विचारा. बऱ्याच जुन्या खानावळींत परात दाखवायला ते नाही म्हणत नाहीत, उलट खूश होतात. मी तर झाकणं उघडून बघायचे. तेल कडेला सुटलेलं, भाजी मऊ पण आकार धरून, आणि एक कोपरा आधीच कुणी काढून नेलेला असेल तर ती परात घ्या. भरलेली परात दुपारी तीनला तशीच असेल तर का ते समजून जा.

मेनूवर काही पदार्थांपुढे फुली किंवा चांदणीची खूण असते. ती सजावट नव्हे. गोठवलेला माल वापरला असेल तर तसं लिहिणं तिकडे बंधनकारक आहे. समुद्राच्या काठावर बसून गोठवलेलं कालामारी, म्हणजे माकूळ, खाण्यात काय अर्थ? मेनूच्या शेवटी बारीक अक्षरात आणखी एक ओळ छापलेली असते: बिलाची पावती मिळाली नाही तर ग्राहकाने पैसे देणं बंधनकारक नाही. ही ओळ वाचून आमचे हे इतके प्रभावित झाले, की पुढे प्रत्येक पावती त्यांनी घडी घालून जपून ठेवली. अजून कपाटात आहेत.

ज्यांच्या घरी शाकाहारी आहेत त्यांच्यासाठी

हा भाग नीट वाचा, भिशीतल्या चौघी शाकाहारी आहात.

"व्हेजिटेरियन" म्हटलं की समजतं, पण त्यापेक्षा भारी शब्द आहे निस्तीसिमो. म्हणजे उपवासाचं! त्यांच्या ऑर्थोडॉक्स धर्मात उपवास पुष्कळ. ईस्टरच्या आधीचा मोठा, ऑगस्टमध्ये मेरीमातेचा पहिले १४ दिवस, शिवाय वर्षभर बुधवार-शुक्रवार. आता सगळे पाळतात असं नाही, आपल्याकडे तरी कुठे पाळतात, पण पिढ्यान्‌पिढ्या उपवास केल्यामुळे बायकांच्या हाताला बिनमांसाचं, बिनदुधाचं, बिनअंड्याचं शेकडो प्रकारचं रांधण बसलंय. त्याला लादेरा म्हणतात, तेलातलं. बाम्येस म्हणजे चक्क भेंडी, टोमॅटोत शिजवलेली. यांनी तीन दिवस लागोपाठ खाल्ली. फासोलाकिया म्हणजे घेवड्याच्या शेंगा. होर्ता म्हणजे रानभाज्या उकडून वर तेल आणि लिंबू. त्र्यंबकच्या बाजूच्या बायका पावसाळ्यात टोपल्या घेऊन येतात ना, तसलंच, फक्त फोडणीशिवाय. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा. सँटोरिनीचा फावा आपल्या लाखेच्या डाळीच्या जवळच्या भावंडाचा असतो, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

पण सावध! त्यांच्या उपवासाला ऑक्टोपस चालतो. कोलंबी चालते, शिंपले चालतात. ज्याच्यात रक्त नाही ते चालतं असा हिशेब. आम्हाला निस्तीसिमो म्हणून एकदा फाव्यावर ऑक्टोपसचा पाय ठेवून आणला होता. यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणून निस्तीसिमोच्या पुढे "होरीस थालासिना", समुद्रातलं नको, हे जोडा. मांस नको म्हणजे "होरीस क्रेआस". जैन मैत्रिणीसाठी: कांदा नको "होरीस क्रेमीदी", लसूण नको "होरीस स्कोर्दो". तिला रेविथादा मिळणार नाही, वाईट वाटतं, पण होर्ता, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, फळं आणि पाव यावर दिवस निघतो. भरलेल्या टोमॅटोत कधी भात असतो, कधी खिमा, दर वेळी विचारा. आणि चीजच्या बाबतीत, जे काटेकोर आहेत त्यांनी हेही लक्षात घ्या, की पारंपरिक चीजचं दूध करडा-कोकरांच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. यांना मी हे आठवड्याने सांगितलं.

इथून काय न्यायचं? चिवडा न्या, चटण्या न्या, आम्ही कोंडाजीचा चिवडा नेला होता आणि तो बोटीवरच संपला. तूप, पेढे, खवा असं दुधाचं काही नेऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. वेलची पूड मात्र नक्की न्या. का ते सांगते. सोमवारी इकडे गौरीपूजन. मला चैन पडेना, पुरणपोळी तर शक्य नव्हती. दुकानातलं त्यांचं दाट दही बघितलं तर तो सरळ चक्काच! किलोभर आणलं, साखर घोटली, वेलची घातली, खोलीतल्या टेबलावर श्रीखंड तयार. फोनवर गौरींचा फोटो लावून नैवेद्य दाखवला आणि एक वाटी घरमालकिणीला दिली.

संध्याकाळी वाटी परत आली ती भरून, काळपट तपकिरी काहीतरी. केपरची भाजी. केपरची झुडपं तिथे भिंतींच्या भेगांतून, खडकांतून लोंबत असतात. फुलायच्या आधीच कळ्या खुडायच्या, वाळवायच्या, मग भिजवून भरपूर कांद्यात, तेलात आणि व्हिनेगरमध्ये मंद शिजवायच्या. आंबट, खारट, किंचित कडवट. जिभेवर ठेवल्या ठेवल्या आईची वाघाटी आठवली, आषाढी द्वादशीला उपास सोडताना करायची ती. घरी येऊन शेतकी खात्यातल्या भावाला विचारलं तर म्हणाला, एकाच कुळातल्या आहेत दोन्ही, वाघाटी, नेपती आणि हे केपर. तर मेनूवर कापारोसालाता दिसलं की मागवा. थोडंसंच पुरतं, पावाबरोबर. जोडीला रेविथोकेफ्तेदेस, काबुली चण्यांचे वडे. ते मात्र तळून लगेच खायचे, थंड झाले की दगड.

मासे खाणाऱ्यांनो, वजन डोळ्यांसमोर

आता आमची फजिती. पहिल्याच दिवशी, बोटीतून उतरून, भुकेले, बंदरावरच्या एका हॉटेलात बसलो. नाव सांगत नाही. जावयाने बर्फावरचा मोठा मासा बोटाने दाखवला, "हा." झालं. बिल आलं त्यात नुसत्या माशाचे ७७ युरो. मासा सव्वा किलोच्या आतला, भाव किलोला ७०. कुणी फसवलं असंही म्हणता येत नाही, भाव मेनूवर छापलेला होता, आम्हीच वाचला नाही. मोठे मासे तिकडे किलोच्या भावाने असतात, ताटाच्या नाही. म्हणून मासा निवडा, तो कच्चा असतानाच तुमच्यासमोर तोलायला सांगा, आकडा ऐका, मग हो म्हणा. यात कुणी वाईट मानत नाही. आणि स्वस्तात ताजं हवं तर लहान मासे घ्या, गाव्रोस म्हणजे अँकोव्ही, नाहीतर तारली. ते ताटाच्या भावाने मिळतात, काट्यासकट कुरकुरीत. जावई पुढचे पाच दिवस तेच खात होता.

बिलात आणखी एक बारकी रक्कम दिसेल, माणशी युरो-दीड युरो, पावाची. न मागता पाव येतो आणि त्याचे पैसे लागतात. चिडू नका, पाव चांगला असतो आणि भाजीचं तेल पुसून खायला तो लागतोच. उलट बऱ्याच ठिकाणी शेवटी कलिंगडाच्या फोडी नाहीतर काहीतरी गोड न मागता, फुकट येतं. प्रत्येकाने आपापलं ताट मागवायचं नाही, सगळं मधोमध ठेवायचं. चौघांत चार-पाच पदार्थ पुष्कळ झाले, आधी तीन मागवा. आम्ही बायका मागवताना डोळ्यांनी जेवतो, हे मी मेसच्या अनुभवाने सांगते.

गावं कुठली, खाणं कुठलं

अपोलोनियात स्तेनो नावाचा एक बोळ आहे, रात्री तिथे मेन रोडच्या दिवाळीसारखी गर्दी. बघायला जा, जेवायला गर्दीच्या बाहेर पडा. वाथी हे दक्षिणेचं गोल खाडीचं गाव, पाणी उथळ, कुंभाराची चाकं आणि काठावर झाऊच्या सावलीत खानावळी. तिथल्या मानोलिसचं नाव मातीच्या भांड्यांत भट्टीवर रांधलेल्यासाठी लोक घेतात. मटण खाणाऱ्यांनी तिथे मास्तेलो मागवावं. कोकराचं मांस, तांबडी वाइन आणि शेपू (हो, आपला शेपू!), मातीच्या भांड्यात खाली द्राक्षवेलीच्या काटक्यांचा थर अंथरून, त्यावर मांस, आणि भट्टीत. मूळचं ते ईस्टरचं जेवण. दिंडोरीला माझ्या मामेभावाची द्राक्षबाग आहे, ऑक्टोबर छाटणीनंतर काटक्यांचे ढीग बांधावर जळतात. त्याला फोटो पाठवला तर म्हणाला, "आयला, आपण तर नुसता धूर करतो."

त्याला दुसराही फोटो पाठवला, मानूरा चीजचा. हे इथलं कडक चीज वाइनच्या पिंपात तळाशी बसलेल्या गाळात मुरवतात, त्याला गिलोमेनी म्हणतात. बाहेरून काळपट, आतून पिवळट, वास असा की पिशवी खोलीबाहेर ठेवावी लागली. पहिल्या तुकड्याला मी थुंकले असते. तिसऱ्याला मधाबरोबर खाल्लं आणि मग समजलं. वाइनचा गाळ आमच्याकडेही निघतच असेल एवढ्या कारखान्यांत, त्याचं काय करतात कोण जाणे.

प्लातिस यालोस हा लांब वाळूचा किनारा, तिथे ओमेगा थ्री नावाची छोटी जागा माशांसाठी प्रसिद्ध आहे. टेबलं मोजकी, आधी सांगून ठेवावं लागतं, आणि खिसा जड हवा. लेक-जावई गेले, आम्ही दोघांनी किनाऱ्यावर पाव-टोमॅटो खाल्ले. क्रिसोपिगी नावाचा पांढरा मठ समुद्रात घुसलेल्या खडकावर आहे, तिथे संध्याकाळी जा, शेजारच्या वाळूवर जेवण मिळतं. कास्त्रो हे जुनं तटबंदीचं गाव बघायला सुंदर, पण उन्हाचं नको.

आर्तेमोनास गोडाचं गाव. आमिग्दालोता म्हणजे बदामाची मऊ मिठाई, वर पिठीसाखर इतकी की शिंक आली तर शेजारचा पांढरा. मेलोपिता म्हणजे ताज्या पांढऱ्या चीजचा आणि मधाचा भाजलेला केक. यांचं मत, बुधा हलवायाच्या जिलेबीपुढे हे काहीच नाही. माझं मत वेगळं आहे.

बेटाच्या एक्साम्बेला गावचा एक आचारी होता, निकोलाओस त्सेलेमेंतेस, १८७८ ते १९५८. त्याने ग्रीकांना पाककृतींची पुस्तकं दिली, आणि ती इतकी घरोघरी गेली की तिकडे पाककृतींच्या कुठल्याही पुस्तकाला आता "त्सेलेमेंतेस" म्हणतात. मुसाका म्हणजे भाजलेले वांगी-खिम्याचे थर, त्यावरचा पांढऱ्या सॉसचा जाड थर ही त्याचीच करणी. तो फ्रेंच पद्धतीवर भाळलेला, त्याने मसाले कमी केले म्हणून काही ग्रीक अजून त्याच्यावर रागावलेले असतात. मला त्यांच्याशी गप्पा मारायला आवडलं असतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याच्या नावाने बेटावर खाद्यमहोत्सव भरतो, आजूबाजूच्या बेटांचे लोक येऊन रांधतात. तारखा जमल्या तर चुकवू नका.

सगळ्यात चांगलं जेवण, बिलाशिवाय

आता ज्याच्यासाठी तुम्हाला ऑगस्टअखेर सांगितली ते. या एवढ्याशा बेटावर दोनशेहून जास्त चर्चं आणि देवळी आहेत. ज्या संताचं चर्च, त्याच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी तिथे पानिगिरी असते. सरळ सांगायचं तर महाप्रसाद. कामारेसच्या वर डोंगरमाथ्यावर संत सिमेओनचं चर्च आहे, त्याची पानिगिरी ३१ ऑगस्टला. आमच्या नशिबाने तोच रविवार होता, म्हणजे दुपारी चणे आणि रात्री पुन्हा चणे.

एखादं कुटुंब त्या वर्षाचा यजमान होतं, त्याला पानिगिरास म्हणतात. संताची तसबीर वर्षभर त्यांच्या घरी राहते आणि सगळ्या गावाला जेवू घालायचं त्यांनी. मानाची गोष्ट. प्रार्थना झाली की चर्चला लागून असलेल्या लांब खोलीत बाकं आणि टेबलं, त्यावर पंगत. पहिली पंगत उठते, टेबल पुसतात, दुसरी बसते. तुम्ही कोण, कुठले, कुणी विचारत नाही. आधी चण्यांचा रस्सा आला, मग मांस आणि मॅकरोनी. मी हात आडवा केला तसं वाढणाऱ्या बाईने न बोलता माझ्या ताटात आणखी चणे आणि चीज घातलं. वाढपाची पळी भरून, घाई नाही, कंजुषी नाही. मी २२ वर्षं वाढलंय, वाढणाऱ्याच्या मनगटावरून मला माणूस कळतो. बाहेर अंगणात व्हायोलिन आणि लाउतो, त्यांचं तंतुवाद्य, सुरू झालं, खाली अंधारात बंदराचे दिवे.

तिथे जायचं तर काही गोष्टी पाळा. आखूड कपडे नकोत. आधी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावा, पेटीत चार पैसे टाका. पंगतीत जागा मिळाली की गप्पा मारत बसू नका, पुढचे ताटकळत असतात. पैसे विचारू नका, अपमान होतो. आणि उतरताना बॅटरी हवी, आम्ही फोनच्या उजेडात ठेचकाळत आलो. कुठल्या दिवशी कुठे पानिगिरी आहे ते घरमालकिणीला विचारा, तिला सगळं तोंडपाठ असतं.

निघायच्या दिवशी लेकीने वाथीच्या कुंभाराकडून स्केपास्तारिया घेतली, मला. मी ती स्वेटरमध्ये गुंडाळून आणली, मुंबईला बॅग उघडली तर मडकं धड आणि झाकणाचे तीन तुकडे. कुंभारवाड्यात तसं झाकण करून मागितलं, बसलं नाही. आता कणकेची वळी लावून वर स्टीलची ताटली चिकटवते. अर्धा किलो काबुली चणे रात्रभर भिजवून, तीन मोठे कांदे उभे चिरून, वाटीभर ऑलिव्हचं तेल, मीठ, आणि चण्यांवर दोन बोटं पाणी. पान मात्र तिकडचंच घालते, तिथून पुडी आणलीय, कारण आपलं तमालपत्र हे दालचिनीचं जवळचं भावंड, त्यांचं वेगळं झाड. घरच्या ओव्हनला विजेचं बिल परवडत नाही. आमच्या पाववाल्याची लाकडाची भट्टी शनिवारी रात्री शेवटचा घाणा निघाल्यावर तापलेलीच असते, तिच्यात मडकं सरकवून देतो तो. पहिल्यांदा हसला होता. आता चार चणे स्वतःसाठी काढून घेतो आणि मग मडकं देतो.

भिशीची पुढची बारी माझ्याकडे आहे, रविवारची. मिसळीची आशा ठेवू नका.